मेढीचा दगड

भाड्याच्या खोलीला दार असतं, पण त्या दारात मांडव घालता येत नाही. हे मला माझ्या नणंदेच्या लग्नात कळलं.

तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई, नणंद, मालक, मी आणि आमची लहान मुलगी. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. कशाचा मालक, ते विचारायचं नसतं. नणंदेचं लग्न ठरलं आणि मुहूर्तमेढीचा दिवस आला. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तो मुलीच्या दारात रोवायचा, सवाष्णींनी त्याला हळदकुंकू वाहायचं, आणि तो उभा राहिला की त्या घराला लग्नघर म्हणायचं. मालक पहार घेऊन दारात खड्डा घ्यायला बसले, तसे घरमालक वरच्या माडीवरून ओरडले, "फरशी उचकटायची न्हाय. मांडव घालायचा तर सोताच्या दारात घाला की."

सोताचं दार कुठून आणायचं? शेवटी चुलतसासऱ्यांच्या दारात मेढ रोवली. नणंद हळद लावून परक्या घरच्या पाटावर बसली. लग्न नीट झालं, जेवणं झाली, आणि वरपक्षाकडची एक म्हातारी हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी झ्याक हाय, पर उसन्या दारातनं आणली." ते वाक्य नणंदेनं सासरी पुढं कितीतरी वर्षं ऐकलं. भांडण कशावरूनही निघो, भाजीत मीठ जास्त झालं असो की गाय आटली असो, ते उसन्या दारापर्यंत जायचंच.

त्या दिवशी सासूबाईंनी अंथरूण धरलं वगैरे मी लिहिणार नाही. त्या ठणठणीत होत्या आणि पुढंही मला टोमणे मारत चांगल्या जगल्या. फक्त घरी आल्यावर त्यांनी लेकाला सांगितलं, "हिच्या लग्नाला असं नगं." हिच्या म्हणजे आमच्या मुलीच्या. ती तेव्हा मांडवातला लाडू दोन्ही हातांत धरून झोपली होती.

मालक संस्थानच्या बँडात क्लॅरोनेट वाजवत. त्यांचे वडील त्याच बँडात झांजा वाजवत होते. लाल डगला, पितळी बटणं. ती बटणं दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चिंचेनं घासून द्यायची. दसऱ्याला सोनं लुटायला स्वारी निघाली की पुढं बँड चालायचा आणि आम्ही बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून आपापला माणूस ओळखायचो. सगळे डगले सारखेच, पण मालक वाजवताना डावा खांदा जरा उचलत, त्यावरून मला लांबूनही कळायचं. पगार थोडा, पण ठरल्या दिवशी हातात पडणारा. संस्थानची चाकरी म्हणजे आमच्या लेखी रोज उगवणारा सूर्य. तो उगवेल की नाही याची चौकशी कोणी करत नसतं.

घर मिळालं मंगळवार पेठेत. तीन खणांचं, कौलारू, मागं परडं आणि परड्यात आड. एक म्हातारे मास्तर ते विकून लेकाकडं पुण्याला निघाले होते. आमच्याकडं होतं ते सगळं, म्हणजे माझ्या बांगड्या आणि सासूबाईंची बोरमाळ धरून, मास्तरांना दिलं आणि उरलेल्यासाठी पेठेतल्या एका पतपेढीचं कर्ज काढलं. घरात राहायचं आम्ही, पण कागदावर ते पेढीकडं गहाण. दर महिन्याला हप्ता भरायचा, आणि सगळे हप्ते फिटले की घर आमचं.

पेढीला दोन जामीन लागत. मालकांनी दोन्ही जामीन बँडातलेच नेले. एक मोठा ढोल वाजवणारे दादा, कसबा बावड्याचे; दुसरा कॉर्नेट वाजवणारा एक तरुण पोरगा. पेढीतले कारकून शहाणे गृहस्थ होते. ते म्हणाले, "एक तरी जामीन बाहेरचा बघा. व्यापारी बघा, शेतकरी बघा. तिघं एकाच ठिकाणी नोकरीला, हे बरं दिसत नाही."

मालकांना ते लागलं. बँडात एक रीतच होती. दादांनी बहिणीच्या लग्नाला कर्ज काढलं तेव्हा आमचे मालक जामीन राहिले होते, आणि मालकांच्या आधी त्यांचे वडील कुणाकुणाला राहिले होते. बँडातल्या माणसाला बँडातलाच जामीन. बाहेरच्याची सही आणायची म्हणजे जोडीला वाजवणाऱ्यांवर भरवसा नाही असं चारचौघांत सांगण्यासारखं. मालक म्हणाले, "आमचा माणूस आमाला पुरं हाय."

कारकुनांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "संस्थान आहे तोवर ठीक आहे."

घरी येईपर्यंत मालक हसत होते. "म्हणं संस्थान हाय तवर. उद्या पंचगंगा आटंल म्हणून आज कुणी कळशी घरात ठेवतंय व्हय?" मीही हसले. सासूबाईही हसल्या. त्या घरात आम्ही तिघं एकदम हसलो असं फार वेळा घडलं नाही, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

घर ताब्यात आल्यावर पहिलं काम काय करावं? कौलं गळत होती, न्हाणीची मोरी तुंबली होती. मालकांनी बोलावलं पाथरवटाला. एक काळा दगड आणवला, त्याला मधोमध मनगट सहज जाईल असं गोल भोक पाडून घेतलं आणि तो उंबऱ्याच्या उजव्या हाताला, जमिनीत, चुन्यात बसवला. मेढ रोवायला. भोक जरा घराकडं कललेलं ठेवलं होतं, म्हणजे मेढ दाराच्या तुळईला टेकेल आणि बाहेरच्या अंगानं एक पाचर मारली की हलणार नाही. ही अक्कल त्यांची स्वतःची.

मी म्हणाले, "पोरीचं दुधाचं दात पडायचं हाईत अजून, आनि तुमी मेढीचा दगड बसीवताय. आधी कौलं फिरवा की."

"कौलं दरसाल फिरवायची असत्यात," ते म्हणाले. "दगड एकदाच."

पेठेत चेष्टा झाली. शेजारीण म्हणायची, मांडव तयार हाय, नवरदेव तेवढा आना. मुलीनं त्या भोकात आपले सागरगोटे ठेवायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ती त्यात पाणी ओतायची आणि चिमण्या येतात का बघत उंबऱ्यावर बसायची. ये-जा करताना दगडावर पाय पडला तर सासूबाई नमस्कार करायला लावत. घर अजून पेढीकडं होतं, पण तो दगड मात्र पहिल्या दिवसापासून आमचा होता, असं आम्हाला वाटायचं.

मग संस्थान विलीन झालं.

आता सगळे सांगतात, आम्हाला आधीच कळलं होतं. आम्हाला काही कळलं नव्हतं. पेठेत कुणी साखर वाटली, कुणी डोळे पुसले. मी साखर खाल्ली. स्वराज्य आलं होतं, राजवाड्याचं राज्य गेलं होतं, आणि यात आपल्या घराचा हप्ता कुठं येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खाती मुंबई सरकारकडं गेली. कारकून गेले, पोलीस गेले, शाळामास्तर गेले, त्यांचे पगार चालू राहिले. बँडाचं काय करायचं हे मात्र मुंबईत कुणाला ठाऊक नव्हतं.

वाद्यं जमा करण्याचा हुकूम आला. क्लॅरोनेट मालकांचं नव्हतं, संस्थानचं होतं. इतकी वर्षं घरात कोनाड्यात, देवाशेजारी राहिल्यामुळं हे मीही विसरले होते. त्यांनी ते उंबऱ्यावर बसून पुसलं, चाव्यांना तेल दिलं, पेटीतल्या मखमलीवरची धूळ फुंकली. मग ते घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. तोंडात धरायची वेताची पत्ती तेवढी त्यांनी काढून घेतली होती. ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुढं कित्येक महिने ती त्याच खिशात होती. सदरा धुवायला घेताना मी ती काढून ठेवायची आणि वाळल्यावर परत घालायची. 

बँड पोलिसांत घेणार, अशी आवई उठली. मालक रोज इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत जायचे आणि उद्या या असं ऐकून यायचे. कॉर्नेटवाला पोरगा पुण्याला लष्करी बँडात लागला. त्याचं वय बसत होतं. आमच्या मालकांचं आणि दादांचं बसत नव्हतं. दादांनी दोन महिने वाट पाहिली आणि लक्ष्मीपुरीतल्या एका लग्नाच्या बँडात ढोल गळ्यात अडकवला. मग ते आमच्या घरी आले.

"चल की लेका," ते मालकांना म्हणाले. "तोंड हाय, बोटं हाईत. त्येंच्याकडं एक क्लॅरोनेट पडून हाय, वाजिवणारा न्हाय. लगीनसराई लागलीया."

मालक म्हणाले, "दादा, दरबारात वाजिवलंय आपन. आता लोकांच्या दारात वाजवू व्हय?"

"लोकांच्या दारात वाजिवलं की लोकं जेवाय घालत्यात," दादा म्हणाले. "दरबार कवा जेवाय घालतोय ते इचारून ये जा."

दादा चहा पिऊन गेले. मला मालकांचा इतका राग आला होता की मी कपबशी धुताना बशी फोडली. लाल डगला पेटीत होता, बटणं काळी पडायला लागली होती, आणि हा माणूस दरबाराच्या गोष्टी सांगत होता. मी तोंडानं फटकळ. मी म्हणाले, "डगल्याची भाजी करून वाढू काय आज?" त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला आजही नको वाटतं. ज्याच्या अंगातलं कुणीतरी काहीतरी काढून नेलंय आणि काय नेलं ते त्याला सांगता येत नाही, अशा माणसाचं ते बघणं होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. पोट मात्र विषय काढायचं थांबत नाही.

मी मिरची कांडायला जाऊ लागले. लक्ष्मीपुरीतल्या एका जैन व्यापाऱ्याचा मिरचीचा धंदा होता. त्यांच्या वाड्यामागच्या पत्र्याखाली आम्ही पाच-सहा बायका उखळात मुसळं घालत बसायचो. शेठाणीला सगळे अक्का म्हणत. माहेर सीमेकडचं, बोलण्यात मधूनच कानडी यायचं. बाई प्रेमळ. दुपारी आमच्या हातांना लावायला खोबरेल द्यायची. पण मिरची खोबरेलाला ऐकते थोडीच! हात रात्रंदिवस जळायचे. मुलीचं तोंड मला धुता यायचं नाही, ते सासूबाई धुवायच्या. त्या पैशात घर खात होतं, हप्ता भरला जात नव्हता. पेढीचा शिपाई आला की मी परड्यात जाऊन उभी राहायची आणि सासूबाई सांगायच्या, घरात कुणी न्हाय.

मग शिपाई यायचा थांबला. एक महिना गेला, दोन गेले. आम्हाला वाटलं पेढीला दया आली. मालक म्हणाले, "संस्थानच्या मानसांना सवड दिली असंल." मला ते खरं वाटलं. खरं वाटून घ्यायला मला फार कष्ट पडले नाहीत. त्या दिवसांत मी रात्री झोपताना घरातली एकेक वस्तू मनात मोजायची, आड, परडं, दगड, आणि झोप लागायची.

दादांची बायको बाजाराच्या दिवशी बावड्याहून लोणी घेऊन पेठेत यायची. जाताना आमच्याकडं थोडं ताक ठेवून जायची. तिला आम्ही वैनी म्हणायचो. एका बाजाराच्या दिवशी ती आली ती मोकळ्या हातांनी. डोक्यावर बुट्टी नाही, हातात चरवी नाही. मी म्हणाले, "आत या की वैनी."

"न्हाय बाई. हितंच बरी हाय." ती उंबऱ्यावर बसली.

मी पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं. "म्हस इकली," ती म्हणाली.

"का? गाभण हुती न्हवं?"

"व्हय. गाभणच इकली. जरा जास्त आलं." मग ती दगडाकडं बघत बोलत राहिली. "पेढीचा माणूस आमच्याकडं येतोय. जामीन न्हवं का आमी? पयल्यांदा आलता तवा आमच्या मालकांनी लगनात वाजवून मिळालेलं सगळं दिलं. मग रेडकू दिलं. आता म्हस. तुमास्नी सांगू नगो म्हणून त्येनी माज्या गळ्याची आण घातल्या. म्या मोडली. मी मरीन तर मरू दे."

माझी मुलगी दगडापाशी बसून सागरगोटे काढत होती. वैनीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमची म्हस ह्या दगडाला बांधल्यागत झालं बघा."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या, आणि आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. तिनं पाणी पिऊन तांब्या पालथा घातला, पदर सावरला आणि गेली. तिच्या घरात त्या दिवसापासून पोरांना ताकही नसणार हे मला कळत होतं. आमचा हप्ता तिची पोरं भरत होती. आडाचं पाणी शेंदलं तरी वाटायचं, हे दुसऱ्याच्या म्हशीचं आहे.

मालक कचेरीतून आले. मी त्यांना पाणी देण्याआधी सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. खिशातली पत्ती काढली, तोंडात धरली आणि वाजवण्याआधी ओली करतात तशी करत बसले. वाजवायला काहीच नव्हतं. मग ती काढून म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक बघतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आनि पोरीचं दार?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा मनाशी स्पष्ट म्हणाले की आता काही उरलं नाही. रडले नाही. पीठ मळायला घेतलं, आणि माझ्या जळत्या हातांमुळं भाकरी सगळ्यांनाच तिखट लागली.

गिऱ्हाईक लांब शोधावं लागलं नाही. अक्काच्या शेठनाच पेठेत घर हवं होतं. त्यांनी भाव पाडला नाही. पेढीचं देणं फिटलं, दादा आणि तो पुण्याचा पोरगा जामिनातून सुटले. जे हातात राहिलं ते घेऊन मालक बावड्याला गेले. दादा घेईनात. मालक ते त्यांच्या रिकाम्या गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवून आले. गव्हाण बघितली आनि पाय हललं न्हाईत, असं मला म्हणाले. दादांकडूनच त्यांनी लग्नाच्या बँडाच्या मालकाचा पत्ता घेतला. ज्या गोष्टीला त्यांनी इतके महिने नाही म्हटलं होतं तिला हो म्हणायला त्यांना एक शब्दही लागला नाही. आता नाही म्हणून वाचवायचं काही नव्हतं.

घर सोडायच्या दिवशी हातगाडीवर सामान चढलं. भांडी, पेटी, सासूबाईंचा पाट. मालक शेजारून पहार मागून घेऊन आले आणि दगड उपटायला लागले. मी म्हणाले, "अवं, कुठं बसवणार तो? माडीवर?" कारण नवी भाड्याची खोली माडीवर होती. त्यांनी ऐकलं नाही. चुना फोडायचा प्रयत्न केला, कडेनं माती काढली, पहार घालून अंग टाकलं. पेठेतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. ज्यांनी बसवताना चेष्टा केली होती त्यांच्यातलं कुणी आता हसत नव्हतं, आणि मला ते हसण्याहून वाईट वाटत होतं. पाथरवटानं काम चोख केलं होतं. दगडाचा टवकाही निघाला नाही. मालकांच्या तळहाताला रक्त आलं.

शेठ किल्ली घ्यायला आले होते. ते मागं येऊन उभे राहिले. भला माणूस, खरंच भला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की पावणं. आमाला उपेगी पडंल."

मालकांनी पहार शेजाऱ्याला परत केली. मुलगी आपले सागरगोटे त्या भोकातून काढून ओच्यात घेत होती. एक खाली राहिला होता, तिचा हात पोचत नव्हता. मी तिला ओढून घेऊन गेले.

पुढची दोन-तीन वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सगळे दिवस सारखे होते. मालक डोक्यावर तुरा लावलेली टोपी आणि दुसऱ्या कुणासाठी शिवलेला डगला घालून वरातींत वाजवत. दादा ढोल वाजवत त्यांच्या मागं. वाजवायचे ते उत्तमच, पण डावा खांदा उचलायचे नाहीत. वैनी पुन्हा बाजाराला येऊ लागली, पण आमच्या नव्या खोलीचा जिना काही ती चढली नाही. मी मिरची कांडतच होते.

मग अक्काच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्न कुठं, तर मंगळवार पेठेतल्या घरात. शेठांची हौस दांडगी. मांडवाला ते हंदर म्हणत. तो हंदर मुख्य रस्त्यापर्यंत घालायचा, आणि मुहूर्तमेढीपासूनच बँड हवा. बँडाच्या मालकानं सुपारी घेतली. कुठलं घर आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या मालकांनी सांगितलं नाही. अक्कानं मला लग्नाची हळद कांडायला बोलावलं. हळद कांडायला सवाष्ण लागते आणि माझा हात तिला आवडायचा. मला नाही म्हणता आलं असतं. मुलीच्या फाटलेल्या परकराकडं बघून मी गेले.

मागच्या सोप्यात बसून आम्ही हळद कांडत होतो. तोच सोपा, फक्त भिंतीला निळा रंग आला होता. परड्यात आड तसाच. मुलगी माझ्याबरोबर आली होती; आता ती पाटीवर हिशेब करण्याएवढी मोठी झाली होती. ती घर बघत होती. अक्का तिला लाडू देत म्हणाली, "केवढी झाली ग यव्वा. आता हिचं बी लगीन येतंय चार वर्सांत." मग माझ्याकडं वळून, मनापासून म्हणाली, "हिचा हंदर बी हितंच घाल की. आमी काय न्हाय म्हणतोय व्हय? दार काय, तुजंच हाय."

मला नणंदेच्या लग्नातली म्हातारी आठवली. मी मुसळ थांबवलं नाही. "बघू की अक्का," म्हणाले. ती बाई चांगली होती, म्हणून तिच्यावर रागावताही येत नव्हतं. माझ्या तोंडात त्या वेळी आलेलं सगळं मी त्या हळदीत कुटलं.

बाहेर गलका झाला. बँड वाजता वाजता थांबला. एक बाई आत येऊन म्हणाली, मेढ उभी ऱ्हाईना. उंबराची फांदी आणली होती, ती दगडाच्या भोकात ठेवली की डुलत होती. मुहूर्त टळायला आला होता, भटजी घाई करत होते. अपशकून होतोय म्हणून अक्का पदर तोंडाला लावून पळाली. सोप्यातून पुढच्या दारापर्यंत सरळ दिसायचं, पण मी मान वर केली नाही. मुलगी बघत होती. तिनंच मला हळू आवाजात सांगितलं, "आई, बाबांनी क्लॅरोनेट दादांच्या हातात दिलं."

मग मला आवाज ऐकू आला. लाकडाचा तुकडा तासल्याचा, मग पाचर ठोकल्याचा. बाहेरच्या अंगानं, दोन ठोके आणि एक हळू. मग बायकांचा गलबला, कुणीतरी म्हणालं, "हुशार हाय की बँडवाला," आणि पाठोपाठ मंगलाष्टकासारखं काहीतरी भटजींचं सुरू झालं.

"उभी राहिली," मुलगी म्हणाली.

क्लॅरोनेट सुरू झालं. मी एवढी वर्षं त्यांचं वाजवणं ऐकलं होतं. पण त्या दिवशी ते कसं होतं हे मला सांगता येणार नाही, कारण मी जोरजोरानं कांडत होते.

दुपारी बँडवाल्यांची पंगत हंदराच्या कडेला, रस्त्यावर बसली. मी आणि मुलगी मागच्या दारानं निघालो. संध्याकाळी मालक माडी चढून आले, टोपी खुंटीला लावली आणि हात धुवायला बसले. नखांत माती होती. मी पाणी ओतत होते. ते हात चोळत म्हणाले, "दगड जराबी हाललेला न्हाय."

मग खिशात हात घातला आणि मुलीच्या पुढ्यात एक सागरगोटा ठेवला. मातीनं काळा झालेला. पाचर मारण्याआधी भोक साफ करताना सापडला होता. तिनं तो उचलून बघितला. सागरगोटे खेळणं तिनं कधीच सोडलं होतं.

पुढं तिचं लग्न आम्ही देवळात लावलं. मेढ रोवली नाही. नवऱ्यामुलाकडच्या कुणीतरी विचारलं, मुलीचं दार कुठलं? मालक तिथंच उभे होते. ते म्हणाले, "दार न्हाय."